जाऊबाईंच्या मणक्यातली सूज

थोरल्या जाऊबाई आणि मी चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हतो. माझ्या मुलीच्या हळदीत त्यांना पहिला मान मिळाला नाही, एवढंच कारण. पेडगावात आमची घरं समोरासमोर. मी अंगणवाडीत, त्या शेतात. येता-जाता दिसायचो आणि मान वळवायचो.

गेल्या वर्षी सोयाबीन काढायच्या दिवसांत त्यांना ताप आला. चार दिवसांत उतरलाही. पुढच्या आठवड्यात कमरेभोवती दोरखंड आवळल्यासारखं वाटायला लागलं, पाय बधिर झाले. दुसऱ्या सकाळी त्यांना पाय उचलता येईनात, लघवीही होईना. भाऊजी माझ्या दारात येऊन नुसते उभे राहिले. त्यांची दोन्ही पोरं पुण्याला कामाला. बाईमाणसाचं सगळं करायला घरात दुसरं कुणी नव्हतं. मी सुट्टीचा निरोप धाडला आणि गाडीत बसले.

परभणीच्या दवाखान्यात शिरेत औषध टोचून एमआरआय काढला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाई न करता बोलत होत्या. मणक्यातल्या मज्जारज्जूला सूज आलीय, म्हणाल्या. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी तिथं एकमेकींना घट्ट चिकटून असतात, रक्तातलं हवं तेवढंच मज्जारज्जूत जाऊ देतात. तापानंतर कधीकधी शरीर चुकून स्वतःवरच उलटतं. सूज आली की त्या पेशींमधले सांधे सैल होतात, नको ते आत झिरपतं, आणि त्यानं सूज आणखी वाढते. त्यांनी फिल्मवरच्या पांढऱ्या डागावर बोट ठेवलं.

"टोचलेलं औषध इथं आत जायला नको होतं. ते गेलंय, म्हणून हे पांढरं दिसतंय. भिंत गळतेय."

त्या चालतील का, असं मी विचारलं. स्टिरॉइडनं सूज उतरेल, बाकीचं तीन महिन्यांनी सांगता येईल, म्हणाल्या.

पाच दिवस सलाईनमधून औषध चाललं. लघवीची पिशवी रिकामी करायची, दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची. आम्ही कामापुरतंच बोलायचो. चौथ्या दिवशी मी पाय पुसत होते, तेव्हा छताकडं बघत त्या म्हणाल्या, "हळदीचं मी लय ताणलं. तुला माझं सगळं करावं लागायलंय."

"पडून राहा बाई," मी म्हणाले. मला रडू वगैरे आलं नाही. मी इतकी थकले होते की ते ऐकूनही नुसतं बसावंसं वाटत होतं.

घरी आणल्यावर व्यायाम माझ्याच गळ्यात पडला. अंगणवाडीला जायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा. पाय दुमडायचा, सरळ करायचा, पुन्हा दुमडायचा. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी मला पायावरची चादर काढायला लावली. उजवा अंगठा हलत होता. त्यांनी ते भाऊजींनाही सांगितलं नव्हतं.

तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय झाला. पांढरा डाग गेला होता. आता गळती थांबलीय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

"मग डावा पाय का येईना माझा?" जाऊबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी फिल्म खाली ठेवली. "भिंत मिटली. पण ती गळत होती तेव्हा आतल्या नसांचं जे नुकसान झालं, ते सगळं भरून येत नाही. थोडं येईल. वेळ लागेल."

गाडीत बसताना जाऊबाईंनी डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला.

आता त्या वॉकर धरून माझ्या ओट्यापर्यंत येतात. डाव्या पायाला गरम-गार कळत नाही. मागल्या महिन्यात चुलीपुढचा निखारा पायाखाली आला, तरी त्या भाजी परततच राहिल्या. जळका वास आला म्हणून मी अंगणातून धावले. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी दोन्ही तळवे नीट बघते, बोटांच्या बेचकीतसुद्धा.

परवा माझीच कंबर धरली होती. खाली बसताना कण्हले, तर त्यांनी पाय ओढून घेतला.

"आज ऱ्हाऊ दे. एक दिवस न्हाई बघितलं तर काय होतंय."

काहीही होऊ शकतं, हे दोघींनाही माहीत होतं. मी पाय पुन्हा मांडीवर घेतला आणि चष्मा लावला.