बाळंत न झालेलीचं दूध

आम्ही मूल दत्तक घेणार हे सासरच्या गावी, गव्हाणच्या घरी सांगितलं तेव्हा माझ्या अपेक्षेइतका गोंधळ झालाच नाही. सासूबाई म्हणाल्या, "आनताव तं लवकर आना, माजे गुडघे हायेत तवर." गोंधळ झाला तो पुढे, येणाऱ्या पोरीला मी अंगावर पाजणार हे बाहेर फुटल्यावर.

बाळंत न होताही बाईला दूध येऊ शकतं, हे मला एका मैत्रिणीकडून कळलं होतं. खात्री करायला मी पनवेलच्या एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "मॅडम, डेअरी उघडायचीय का?" आत बसलेली नर्सही हसली. साहेब हसले की हसायचं, एवढं तिचं प्रशिक्षण पक्कं होतं. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत नसेल तर तसं सांगा, फी तेवढीच देईन." मग मात्र त्यांना पुढचा पेशंट आठवला.

दुसऱ्या डॉक्टर बाई हसल्या नाहीत. त्यांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि पंप घ्यायला सांगितला. "अंगाला असं वाटायला हवं की बाळ झालंय आणि ते सारखं ओढतंय. दूध पूर्ण येईलच असं नाही, थोडंच येईल कदाचित. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं.

मी एका शाळेत विज्ञान शिकवते. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेमागच्या खोलीत, चंचुपात्रांच्या आणि मोडक्या सूक्ष्मदर्शकांच्या संगतीत, कडी लावून बसायचे. पंप कुरकुरायचा आणि बाटली कोरडी राहायची. आठवडे गेले. छाती दुखायची, बाटलीत नुसती वाफ. एकदा बाहेर आल्यावर जीवशास्त्राच्या बाईंनी नाक मुरडलं. "मला नाही बाई पटत. हे निसर्गाच्या विरुद्ध आहे." आठवीला सस्तन प्राणी शिकवणारी ही बाई तेव्हा म्हशीच्या दुधाचा चहा पीत होती. म्हशीनं ते दूध हिच्यासाठी काढून ठेवलं होतं बहुधा, निसर्गाला स्मरून.

मग एका दुपारी थेंब आला. पांढराही नव्हता, पिवळसर, चिकट. बाटलीपर्यंत पोचण्याइतकाही त्याचा जीव नव्हता. मी तो बोटावर घेतला आणि चाखला. गोड लागला. दहावीच्या तासाला मी त्या दिवशी फळ्यावर काय लिहिलं, देव जाणे.

पोरगी आली तेव्हा दोन महिन्यांची होती आणि बाटलीला सरावलेली. मला वाटलं होतं, छातीशी धरलं की ती आपोआप ओढेल. तिनं एकदा तोंड लावलं, माझ्याकडे फसवणूक झाल्यासारखं पाहिलं आणि जांभळी पडेस्तोवर रडली. नेमक्या तेव्हा नवऱ्याची आत्या हॉलमध्ये हजर होती. जमिनी विकून करंजाडेत आमच्या शेजारच्याच इमारतीत राहायला आलेली ही बाई दिवसातून एकदा तरी आमच्या सोफ्यावर उतरायची. गळ्यात किलोभर सोनं आणि तोंडात तेवढाच वजनदार सल्ला.

"पोराला बरोबर कलतं," ती म्हणाली. "आपली नाय तिला कशी पाजशील? आमी पाच काढली, आमाला पंप नाय जोडाया लागला."

"आत्या, तुमच्या पाचांतला एक तरी तुम्हाला भेटायला येतो का?" मी विचारलं.

ती चपला घालून गेली. चार दिवस आली नाही. ते चार दिवस घरात फार छान गेले.

डॉक्टर बाईंनी सुचवलेली युक्ती त्याच दिवसांत जमली. एक बारीक नळी स्तनाग्राशी चिकटवायची, तिचं दुसरं टोक पावडरच्या दुधाच्या बाटलीत. बाळ ओढेल तेव्हा नळीतलंही येतं आणि आईचंही. नवरा बाटली हातात धरून सलाइनच्या स्टँडसारखा उभा राहिला. पोरीसाठी गव्हाणहून येऊन राहिलेल्या सासूबाई स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होत्या. पोरीनं दोनदा तोंड काढलं, तिसऱ्यांदा पकडलं आणि ओढू लागली. तिच्या कानाजवळची शीर हलायला लागली. नवरा म्हणाला, "पितेय?" बघायला तो इतका वाकला की बाटली माझ्या मांडीवर सांडली. सासूबाई मासळीच्या हातानं दारात आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "पितंय. तू हलू नको." आणि परत गेल्या. रडल्या असाव्यात, कारण बोंबील त्या दिवशी दुप्पट खारट झाले.

माझं दूध कधीच पुरेसं आलं नाही. पोटाचं काम जास्त करून पावडरच्या दुधानंच केलं. पण ती माझ्याकडे झोपेत वळायची, पदर चाचपायची, पिता पिता माझं बोट घट्ट धरायची. मला तेवढंच हवं होतं.

ही खबर पसरल्यावर आत्या परत आली, आणि या खेपेला हात जोडून. तिनं सगळीकडे सांगितलं होतं की देवीनं आमच्या घरात चमत्कार केला. वांझेला पान्हा फुटला! काल नाक मुरडणारे आज नारळ घेऊन यायला लागले. जीवशास्त्राच्या बाईंनीसुद्धा मला विचारलं, "कुठला नवस केला होतात हो?" गोळ्या, पंप, कोरड्या बाटल्या, फाटलेली कातडी, सगळं देवीच्या खात्यात जमा. आधी मी निसर्गाच्या विरुद्ध होते, आता देवीच्या कृपेत. मधे एक बाई कडी लावून बसली होती, हे मात्र कोणाला नकोच होतं.

शेवटी आत्यानं आपल्या जावेच्या सुनेला आणलं. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मान खाली घातलेली मुलगी. "हिच्या पोटावर हात ठेव," आत्या मला म्हणाली. "तुजा हात लागू दे."

"माझ्या हाताला खडूची धूळ आहे," मी म्हटलं. मग त्या मुलीला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि विचारलं, "तुला स्वतःला काय हवंय?"

तिनं बंद दाराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "मला पण दत्तक घ्यायचंय. घरात बोलायची सोय नाय."

मी तिला डॉक्टर बाईंचा पत्ता दिला, आम्ही कुठे अर्ज केला होता तेही सांगितलं. बाहेर आत्यानं विचारलं, "ठेवला का हात?"

ती मुलगीच म्हणाली, "ठेवला."