भरतीच्या वेळचं पाणी

पाण्याचे नमुने घेणं ही माझी नोकरी. सरकारी कचेरीची गाडी, गाडीत बर्फाची पेटी, पेटीत बाटल्या. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत जिथे जिथे नाला नदीला किंवा खाडीला मिळतो तिथे उतरायचं आणि पाणी भरायचं. बाटली गळ्यापर्यंत भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग दोन रसायनं टाकायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. पांढरा म्हणजे त्या पाण्यात मासा जगणार नाही.

पहिल्यांदा हे बाबांना समजावून सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "एवढी शिकलीस ती ह्यासाठी? पानी मेलंय का जितं हाय, त्ये मी नाकानं सांगतो गो."

बाबा डोंबिवलीच्या खाडीत मासे मारायचे. बोय, कोळंबी, चिंबोऱ्या. औद्योगिक वसाहतीकडून येणारा एक नाला तिथेच खाडीत उतरतो. एके वर्षी त्यातून काहीतरी भलतंच यायला लागलं, आणि एका सकाळी काठाला मेलेल्या बोयींचा थर लागला. बाबांनी तक्रार द्यायची ठरवली. शेजारी म्हणाले, "आपली पोरं तिथंच कामाला. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" बाबा म्हणाले, "वैर करायला मासा तरी शिल्लक हाय का?" अर्ज मीच लिहिला. त्यांनी खाली सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली. नाल्याचं काही झालं नाही तर होडी विकावी लागणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

अर्ज फिरत फिरत आमच्याच कचेरीत आला आणि नमुन्यासाठी माझी नेमणूक झाली. तक्रारदार माझे वडील आहेत हे मी साहेबांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दुसरं कुणी गेलं तर पाट्या टाकून येईल, मी नीट करीन, अशी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर मी कोळीवाड्यातली आहे हेच कचेरीत फारसं कुणाला माहीत नव्हतं, आणि मला ते तसंच बरं वाटायचं.

बाबांनी मात्र अख्ख्या आळीला सांगून ठेवलेलं, "माझी पोरगी येतेय पानी बघायला."

त्या दिवशी आधी मोहने गावच्या नाल्याचं काम होतं. ते आटपून साहेब आणि मी आमच्या खाडीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा एक वाजला होता, आणि अमावस्या होती. आमच्याकडे बोटांच्या पेरांवर मोजून, तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, आणि आमची खाडी आत असल्याने त्यावर दोनेक तास धरतात. हा हिशेब मला पाढ्यांच्या आधी येत होता. अमावस्येच्या पंधराचे सव्वाअकरा, वर दोन तास, म्हणजे एक वाजता भरती अगदी भरात. समुद्राचं पाणी आत शिरलेलं, नाल्याचं काळं पाणी त्यात कुठल्या कुठे मिसळून गेलेलं. खरं पाणी बघायचं तर ओहोटी लागल्यावर, गुडघाभर चिखलात उतरून, नाल्याच्या तोंडाशी.

साहेब घड्याळ बघत होते. "घ्या ना इथूनच. उगाच कशाला वेळ घालवायचा?"

माझ्या पायांत नवे बूट होते. साहेबांसमोर सलवार खोचून, आई उतरते तसं चिखलात उतरायचं, या विचारानेच मला लाज वाटली. मी धक्क्यावरून दोरीने बादली सोडली आणि बाटली भरली. साका तपकिरी आला. फॉर्मवर भरती की ओहोटी असा एक रकाना असतो. त्यात मी छान अक्षरात 'भरती' लिहिलं.

बाबा थोड्या अंतरावर उभे होते. मी ओळख दाखवली नाही, त्यांनीही नाही. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत होते तेवढं दिसलं.

महिन्याभराने पत्र आलं. पाणी मर्यादेत आढळले, तक्रार निकाली. बाबांना वाचता येत होतं, तरी त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी वाचून दाखवलं. ते "बरं" म्हणाले. मला रडू फुटलं. "बाबा, तेव्हाच का नाही बोललात?"

"चार लोकांत पोरीला काय बोलायचं? तुझ्या सायबासमोर तुझी इज्जत गेली असती."

होडी विकली. बाबा एका नव्या टॉवरच्या गेटवर वॉचमन झाले. पुन्हा अर्ज करूया म्हटलं तर नको म्हणाले. मला त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त त्यानंतर रोज सकाळी मी डबा घेऊन निघाले की दारातून सांगायचे, "आज ओहोटी अमक्या वाजता गो." विठ्ठलवाडीच्या नाल्यावर जायचं असलं, जिथे भरती पोचतच नाही, तरी सांगायचे. मी "हो बाबा" म्हणायची आणि जिना उतरायची. त्यांनी एकदा तरी मला शिव्या घालायला हव्या होत्या.

गेल्या पावसाळ्यानंतर बाबा गेले. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

परवा नेहमीच्या फेरीत ती जागा पुन्हा माझ्याकडे आली. साहेब आता नवे आहेत. एकादशी होती. मी पेरांवर मोजलं आणि म्हटलं, "सर, साडेचारपर्यंत थांबावं लागेल. तेव्हा ओहोटी. मी इथलीच आहे, कोळ्यांची." बूट काढले, सलवार खोचली आणि उतरले. चिखल गुडघ्याच्या वर आला. नाल्याच्या तोंडाशी बाटली भरली, एकही बुडबुडा नाही. साका बसला तो पांढराशुभ्र.

बाटली हातात धरून मी धक्क्याकडे बघितलं. बाबांना दाखवायची होती. धक्क्यावर कुणी नव्हतं.

वर आले तेव्हा साहेब फॉर्म भरत होते. "इथून कुणाची तक्रार आहे का?" त्यांनी विचारलं.

खाडीत एकही होडी नव्हती.

"आता नाही, सर," मी म्हटलं. त्यांनी तक्रारदाराच्या रकान्यात रेघ ओढली.