लिफ्टच्या मोटरीवरून उतरवलेला सेन्सर

दिनांक १२ फेब्रुवारी रोजी सकाळी आपल्या रहिवासी समितीच्या सचिवांनी गच्चीवरील मशीनरूममध्ये जाऊन लिफ्टच्या मोटरीवर बसवलेला सेन्सर स्वहस्ते उपटला, बुटांच्या रिकाम्या खोक्यात घातला आणि ते खोके माझ्या भाचीच्या दाराशी ठेवून दिले. दार वाजवण्याची तसदी त्यांनी घेतली नाही. इतके नोंदीसाठी.

माझी ही भाची पाचव्या मजल्यावर आपल्या आईसोबत राहते. इमारतीत तिला ‘हळूबाई’ म्हणतात, कारण दार आपटणाऱ्या प्रत्येकाला ती ‘हळू!’ म्हणते. तो नखरा नव्हे. ज्या प्रयोगशाळेत ती काम करते, तेथे हवेच्या उशीवर तरंगणारे एक अवजड टेबल आहे. मोजमाप सुरू झाले की माणसे चपला काढून भिंतीशी उभी राहतात, आणि कोणाला शिंक आलीच तर तो नाक धरून बाहेर पळतो. टेबलावर असते काय, तर नखाएवढी चकती. तिच्यावर केसाहून कितीतरी पातळ पापुद्रा ताणलेला असतो आणि त्यावर लेसरचा प्रकाश सोडलेला असतो. पापुद्रा थरथरला की परतणारा प्रकाश बदलतो; त्या बदलावरून थरथर किती, ते कळते. डॉक्टरेट मिळाल्यापासून तिचे सारे संशोधन या एका पापुद्र्याभोवती चालले आहे. नेमणूक मात्र एकेका वर्षाची.

“लोकांची मुलं एकदाची शिकून मोकळी होतात,” असे माझी बहीण भाजी चिरता चिरता म्हणते.

“आई, मी शिकत नाहीये. शिकलेलं वापरतेय.”

“मग तुला ठेवायचं की नाही, याची दरवर्षी चर्चा कशाला लागते गं?”

याचे उत्तर ज्यांच्यापाशी असावे ते विभागप्रमुख या वर्षी एवढेच म्हणाले, “टेबलावर सगळंच चालतं. जिथं तुझ्यासाठी कोणी चपला काढत नाही, तिथं चालवून दाखव. मार्चअखेर बघू.”

म्हणून ती लिफ्टकडे वळली. समितीने परवानगी दिली. फुकटची तपासणी कोणाला नको असते? मशीनरूममध्ये कबुतरांची घाण, वंगणाचा वास आणि सतत गुरगुरणारी मोटर. तिने जागा स्वतः झाडली, त्याच पापुद्र्याचा सेन्सर डब्यात बंद करून मोटरीच्या अंगावर घट्ट बसवला आणि वायर खाली आपल्या खोलीपर्यंत आणली. पहिल्या महिन्याचा थरथरीचा आलेख तिने समितीपुढे ठेवला तेव्हा रेघ सरळ होती.

“म्हणजे लिफ्ट ठणठणीत!” सचिव म्हणाले. “बघा, आमच्या देखभालीला आता विज्ञानाचाही दुजोरा!” टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात त्यांच्याच.

चूक तेथे झाली होती, आणि ती तिची होती. प्रयोगशाळेत विजेच्या तारांची एक गुणगुण सर्वत्र भरलेली असते. पापुद्र्याला तीही ऐकू येते. म्हणून तिथली माणसे आकडे हाती येताच आधी तेवढी पट्टी, म्हणजे त्या गुणगुणीच्या कंपनांचा भाग, कापून टाकतात. मग पुढचे काम. वर्षानुवर्षांच्या त्या सवयीने भाचीने लिफ्टच्या आकड्यांतूनही तीच पट्टी कापली. पुढे एकदा लिफ्टमधून येताना तिला पायाखाली बारीकशी कुरकुर जाणवली. वर येऊन तिने न कापलेले आकडे काढले. आलेखात गुणगुणीचे उंच टोक होतेच; त्याला अगदी चिकटून दुसरे एक बुटके टोक होते आणि ते आठवड्यागणिक वाढत आले होते. मोटरीचे बेअरिंग झिजत असावे, असा तिचा निष्कर्ष. गुणगुण कापताना तेही कापले गेले होते.

दुसरा कोणी असता तर त्याने गुपचूप नवा आलेख पाठवला असता. ही सरळ सचिवांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“काका, मागच्या वेळी माझं चुकलं. लिफ्ट ठीक नाहीये. बेअरिंग उघडून बघायला हवं.”

“अगं, महिन्यापूर्वी ठीक होती ना? टाळ्या वाजवल्या आम्ही!”

“मी आकडे चुकीचे गाळले होते.”

“म्हणजे बिघाड लिफ्टमध्ये नाही, तुझ्या गाळणीत.” मागे त्यांच्या सौभाग्यवती खुदकन हसल्या. “आणि लिफ्ट दिवसभर बंद ठेवायची? सातव्या मजल्यावरच्या आजींना तू उचलून नेणार आहेस का?”

देखभाल करणाऱ्या कंपनीचा माणूस आला. त्याने मोटरीवर तळहात ठेवला, ‘गाडी मस्त आहे’ असा निर्वाळा दिला आणि लिफ्टनेच खाली गेला. त्यानंतर १२ फेब्रुवारी उजाडली.

भाचीने कांगावा केला नाही. खोके उघडून तिने पापुद्रा शाबूत आहे का, ते भिंगाखाली पाहिले. आहे. मी तिला विचारले, “चूक कबूल करण्याची घाई काय होती?”

ती म्हणाली, “मामा, लिफ्ट रोज वर-खाली करतेय ना.”

मार्चअखेर तिची नेमणूक संपते. बेअरिंग उघडल्याशिवाय तिचा सेन्सर खरा की खोटा, हे तिला सांगता येणार नाही, विभागप्रमुखांना कळणार नाही, आणि तुम्हालाही कळणार नाही. तुम्ही मात्र दरम्यान त्याच लिफ्टमध्ये उभे असाल. बेअरिंग चांगले निघाले तर तिचा निष्कर्ष चुकला हे सर्वांदेखत ठरेल. तिला तेही मान्य आहे, मी विचारून घेतले आहे.

निम्म्याहून अधिक रहिवाशांनी सांगितले तर समितीला लिफ्ट उघडावीच लागते. तेव्हा हे पत्रक वाचणाऱ्या प्रत्येक घराकडे माझी मागणी अशी: येत्या रविवारी लिफ्ट बंद ठेवायला सांगा, बेअरिंग उघडायला लावा, आणि ते उघडताना माझ्या भाचीला तिथे उभे राहू द्या.