बिबडे, मांजर आणि आत्याचं लग्न

मी बारावीची परीक्षा देऊन घरी बसले होते, त्या उन्हाळ्यात आमच्या लायनीतून बिबडे चोरीला जायला लागले. नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल. सुरतेच्या गोडादऱ्यात खानदेशातून आलेली आमची वीसेक घरं एकाच ओळीत होती. सगळ्यांच्या डोक्यावर पत्रे. पक्की गच्ची एकाच घराला, मंडळाच्या अध्यक्षांच्या. त्यामुळे सगळ्या लायनीचं वाळवण त्यांच्या गच्चीवर पडायचं आणि अध्यक्षपदही दर वर्षी त्यांच्याकडेच राहायचं.

बिबडे म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, आणि ते साधं काम नव्हे. ज्वारी भिजवा, कांडा, तीळ-मिरची घालून शिजवा आणि पहाटे उठून ओल्या धोतरावर एकेक थापा. एका संध्याकाळी आई वाळलेले बिबडे उचलायला गच्चीवर गेली, तर धोतर अर्धं रिकामं.

"मन्ही माय वं! मना बिबडा कोठे गयात?" ती वरूनच ओरडली. घाबरली की आई अहिराणीवर यायची.

आठवडाभरात चार घरांचे बिबडे गेले. अध्यक्षांनी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः, चिटणीस रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, कारण त्यांच्याकडे कोरी डायरी होती, आणि सदस्य म्हणून माझे वडील, कारण ते कधी काही बोलत नसत. पहिल्या बैठकीत चहा झाला आणि चोरी मांजरीने केली असं एकमताने ठरलं.

ही मांजर तिरंगी होती, कुणाचीच नव्हती आणि सगळ्यांकडे जेवायची. तेव्हा तिचं पोट चांगलंच सुटलेलं होतं. वडील घरी येऊन एवढंच म्हणाले, "मांजर ज्वारी खाईल का?" हे आईने बाहेर सांगितलं आणि समितीला परीक्षा घ्यावी लागली. अंगणात मांजरीपुढे आमचा बिबडा ठेवला. तिने तो हुंगला, मागे सरकली आणि पुढच्या पंजाने जमीन उकरायला लागली. घाण झाकताना मांजर जसं करतं, अगदी तसं.

अध्यक्षांची बायको म्हणाली, "मीठ कमी पडलं असेल."

आईने तिच्याशी दोन दिवस बोलणं टाकलं. चिटणीसकाकांनी डायरीत लिहिलं, "मांजर निर्दोष. बिबडा नापसंत."

मांजर सुटली म्हटल्यावर माणूस शोधणं आलं. तो सोयीचा असा गच्चीवरच राहत होता. तिथल्या एका खोलीत भाड्याने राहणारे एक गृहस्थ होते, वय पस्तिशीचं, भुसावळकडचे, बौद्ध. एका कारखान्यात लूम दुरुस्त करायचे. रात्रपाळी करून दिवसा झोपायचे आणि कुणाच्या अध्यात-मध्यात नसायचे. सगळी लायन त्यांना 'गच्चीवाले भाऊ' म्हणायची. फक्त माझी आत्या 'गच्चीवाले' म्हणून थांबायची. त्यातला 'भाऊ' ती का गाळते, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण सतराव्या वर्षी माणूस लक्षात आलेलं सगळंच बोलत नाही.

आत्या बत्तीस वर्षांची. लग्नानंतर आठ महिन्यांत नवऱ्याने दुसरी बायको घरात आणली आणि ही फारकत घेऊन आमच्याकडे आली. घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची आणि दर बुधवारी दुपारी तयार साड्यांचं गाठोडं लिंबायतला पोचवून यायची. अलीकडे बुधवारी तिला यायला फार उशीर व्हायचा. आईने विचारलं की, "रिक्षा मिळाली नाही."

समितीची दुसरी बैठक अध्यक्षांच्या ओट्यावर भरली. सगळी लायन आली होती. गच्चीवाल्यांना अर्ध्या झोपेतून उठवून आणलं होतं.

"हे बघा, प्रश्न जातीचा नाही. प्रश्न बिबड्यांचा आहे," अध्यक्ष म्हणाले. हे वाक्य ते तीनदा बोलले, त्यामुळे प्रश्न कशाचा आहे ते सगळ्यांना नीट कळलं. "बुधवारी दुपारी तीनला माल गेला. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"बाहेर होतो."

"कुठे बाहेर?"

"ते सांगता येणार नाही."

"पाहा!" अध्यक्ष लोकांकडे वळले. "उत्तर नाही!"

बायकांच्या घोळक्यातून आत्या उठली. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज स्वच्छ होता. "ते माझ्यासोबत होते. गाठोडं त्यांनीच उचललं होतं. माल दिला, मग आम्ही लोचो खाल्ला. दिवेलागणीला परत आलो."

सुरतेत नाश्त्याचा लोचो सगळेच खातात, पण त्या क्षणी कुणाला नाश्ता आठवला नाही. चिटणीसकाकांनी पेन उचललं. "काय लिहू? लोचो की लोचा?"

कुणीतरी हसलं. वडील उठून घरात गेले.

त्या दिवसापासून बिबड्यांची चौकशी बंद पडली आणि आत्याची सुरू झाली. कधीपासून? कुठे कुठे? कोणी पाहिलं? अध्यक्षांनी गच्चीवाल्यांना खोली सोडायला सांगितली. ते ट्रंक घेऊन बमरोलीला एका मित्राकडे गेले. आत्या खाली मान घालून साड्यांवर काम करत राहिली, वडील तिच्याशी बोलेनात आणि आई दोघांना एकाच वेळी जेवायला वाढेना. गंमत म्हणजे गच्चीवाले गेल्यावरही बिबडे जातच होते. आमच्या शेजारणीचे तर धोतरासकट गेले. पण आता त्याचा शोध घ्यायचा म्हणजे गच्चीवाले निर्दोष होते असं म्हणावं लागलं असतं, म्हणून कुणी काही बोललं नाही.

तपास चालू ठेवला तो एकट्या मांजरीने. तिचे दिवस भरत आले होते. ती एकेका घरात शिरायची, पलंगाखाली, कपाटामागे, पिंपाआड बघायची, नापसंतीने शेपटी हलवून बाहेर पडायची. समितीला जी घरझडती घ्यायचा धीर झाला नव्हता, ती तिने चार दिवसांत उरकली. मग ती दिसेनाशी झाली आणि अध्यक्षांच्या माळ्यावरून पिल्लांचा आवाज यायला लागला.

अध्यक्षांच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. व्याही येणार, घरात मांजरीचं बाळंतपण नको, म्हणून त्यांनी समितीलाच बोलावलं. त्यांची बायको माळ्याच्या शिडीपुढे उभी राहिली. "राहू द्या ना. बाळंतीण आहे. पाप लागेल."

"पाप कसलं? जागा बदलायची फक्त," अध्यक्ष म्हणाले आणि मला म्हणाले, "तू हलकी आहेस बेटा, चढ."

मी चढले. कोपऱ्यात एका भल्यामोठ्या पातेल्यात मांजर चार पिल्लं घेऊन पडली होती. खाली अंथरलेलं धोतर मी ओळखलं. आमच्या शेजारणीचं, निळ्या काठाचं. पातेल्याच्या बाजूला तीन गोण्या. मी एक खाली सोडली. ती ओट्यावर आपटली, तोंड सुटलं आणि बिबडे पसरले.

"हे आमचे! तीळ बघा," एक बाई म्हणाली.

"हे जाड थापलेले माझे," दुसरी म्हणाली.

आईने एक उचलून तुकडा मोडला, चावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मीठ बरोबर आहे."

अध्यक्षांचा चेहरा पाहून त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं हे कळत होतं. पण ते अध्यक्ष होते. घसा खाकरून म्हणाले, "हा माल पुरावा म्हणून जप्त करून ठेवलेला आहे."

तेवढ्यात त्यांची बायको मटकन खाली बसली. तिने दोन्ही हात पुढे केले. बोटांचे सांधे सुजून गोळे झाले होते. "मना हात वळतस नही," ती रडत म्हणाली. "दोन वर्षं झाली, थापता येत नाही. पोरीच्या रुखवतात काय मांडू? विहीण विचारेल, आईला बिबडेसुद्धा येत नाहीत का?"

मग आईच पुढे झाली. "सांगितलं असतंत तर आम्ही करून दिले नसते का? एवढ्या जणी आहोत." आणि तिला उठवून आत घेऊन गेली. मांजर होती तिथेच राहिली. त्या आठवड्यात सगळ्या लायनीने मिळून रुखवताचे बिबडे केले.

चिटणीसकाकांनी विचारलं, "डायरीत काय लिहू?" अध्यक्ष म्हणाले, "तो विषय संपला. दुसरा घ्या." दुसरा विषय त्यांनी स्वतःच घेतला. दुसऱ्या सकाळी ते आमच्याकडे आले आणि चहा घेता घेता वडिलांना म्हणाले, "गच्चीवाला माणूस निर्मळ आहे. जातपात आपण कुठवर धरायची?"

वडिलांनी कप खाली ठेवला. "पण प्रश्न बिबड्यांचा होता ना?"

अध्यक्षांनी चहा अर्धाच ठेवला.

त्याच दिवशी वडील कुणाला न सांगता बमरोलीला गेले. आल्यावर आईला म्हणाले, "मी विचारलं, त्या दिवशी ओट्यावर तोंड का उघडलं नाहीस? तर म्हणाला, त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं नाव कसं घेणार?" शर्ट खुंटीला अडकवत ते पुढे म्हणाले, "पहिल्या वेळी हिला मी एवढं मोठं घराणं बघून दिलं होतं." मग आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "ताई, जेवायला ये." ती त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण ते तिला ताईच म्हणायचे. त्या दिवशी दोघं एका ओळीत जेवली.

महिन्याभराने नोंदणी कचेरीत आत्याचं लग्न झालं. साक्षीदार म्हणून पहिली सही कोणी करायची यावर अध्यक्ष आणि चिटणीसकाका यांच्यात थोडी ढकलाढकली झाली. सही करून अध्यक्षांनी कचेरीच्या पायऱ्यांवरच समाजसुधारणेवर भाषण सुरू केलं. ऐकायला दोन टायपिस्ट होते.

मग आम्ही जवळच्या खानावळीत जेवायला गेलो. आंबे संपत आले होते, तरी रस होता. आत्याने तीन वाट्या रस संपवला आणि चौथीसाठी वाढप्याला हाक मारली. तिचा नवरा तिच्याकडे बघत पुरी हातात धरून बसला होता.

आई तिच्या कानाशी पुटपुटली, "नवरी आहेस. जरा दमाने."

"वहिनी," आत्या मोठ्याने म्हणाली, "पहिल्या लग्नात मी दिवसभर काहीच खाल्लं नव्हतं." आणि तिने वाटी पुढे केली.