सोबतीला म्हणून गेलो होतो

डॉक्टरांनी टेबलावरचा एक पुठ्ठा उचलला, स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि त्यांचं बोलणं बंद झालं.

निदान मला तरी तसंच वाटलं. तोवर त्यांनी मला पाच-सात प्रश्न विचारले होते आणि सगळ्यांची उत्तरं मी धडाधड दिली होती. काम काय करता, किती वर्षं झाली, गाव कोणतं. आता ते पुठ्ठ्याच्या वरून माझ्याकडे नुसते बघत होते. मीही त्यांच्याकडे बघत होतो. मग शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने, मंगलने, मान खाली घातली आणि ती फरशीकडे पाहू लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की डॉक्टर गप्प नाहीत. ते बोलतायत.

पुठ्ठा खाली आला. डॉक्टर म्हणाले, "काका, तीन वेळा तुमचं नाव विचारलं."

सुरतेतल्या एका सरकारी दवाखान्याच्या कान-नाक-घसा विभागातली ही गोष्ट, १९९६ च्या उन्हाळ्यातली. गंमत म्हणजे मी माझा कान दाखवायला गेलोच नव्हतो. कान मंगलचा दुखत होता. मी आपला सोबतीला होतो.

मी मूळचा धुळे जिल्ह्यातला, घरात आमची बोली अहिराणी. तेव्हा सुरतेच्या पांडेसऱ्यात लूमवर कापड विणायला लागून मला सोळा वर्षं झाली होती. ज्या शेडमध्ये लूम चालतात तिला आमच्याकडे खातं म्हणतात. खात्यात सगळे लूम एकदम चालू झाले की स्वतःची शिंकसुद्धा स्वतःला ऐकू येत नाही. त्यामुळे आत कोणी कानांनी ऐकायच्या भानगडीत पडतच नाही. ओठ बघायचे, हात बघायचे. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. अंगठा ओठांशी नेला की चहा आला. कपाळावर उभं बोट फिरवलं की टिळेवाला शेठ आला. नवा माणूस हे महिन्याभरात शिकतो. मी तर त्यात तरबेज होतो. चार रांगा पलीकडून कोणी मला शिवी घातली तरी ती मला बरोबर पोचायची आणि मी ती व्याजासकट परत करायचो.

यानेच माझा घात केला. खात्यात मला सगळं कळत होतं, कळत नव्हतं ते फक्त घरी. मग चूक कोणाची? अर्थात घरच्यांची! "तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटता," हे वाक्य मी पाच वर्षं घरात ऐकवलं.

सुरुवात शिट्टीने झाली होती. पाळी संपवून घरी आलो की कानात बारीक शिट्टी वाजत राहायची. मला वाटायचं शेजारणीचा कुकर. पुढे पुढे खऱ्या कुकरची शिट्टी ऐकू येईना, पण ही मात्र चालूच. टीव्हीचा आवाज मी वाढवायचो, आमची मुलगी सुनीता कमी करायची. मग ती काही सांगायचं असलं की आधी समोर येऊन माझ्या खांद्याला हात लावायची आणि मगच बोलायची. हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, मी ते सोडून देत होतो.

कारणांची मला कधी कमी पडली नाही. मळ असेल. सर्दी असेल. लसूण घालून गरम केलेलं तेल टाकू. आता सीझन आहे, दिवाळीत खातं बंद झालं की दाखवू. दिवाळीत गावाला जायचं असतं, आल्यावर दाखवू. अशा चार दिवाळ्या मी काढल्या.

खरं कारण वेगळं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. आमच्या गावात एक बहिरा माणूस होता. शाळेच्या वाटेवर ओट्यावर बसलेला असायचा. आम्ही पोरं त्याच्या मागे उभं राहून वाटेल ते बोलायचो, तो वळला की साळसूदपणे हात जोडायचो. तोही हसून हात जोडायचा. त्या पोरांत मी सगळ्यात पुढे असायचो. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर सांगतील की तू आता तो ओट्यावरचा माणूस झालास, याची मला भीती होती. जोवर कोणी सांगत नाही तोवर मी झालो नाही, असा माझा हिशेब.

यात माझं किती जात होतं ते मला फार उशिरा उमगलं. मंगल बोलकी बाई. लग्न झालं तेव्हा तिची बडबड ऐकून मी वैतागायचो. पण त्या वर्षा-दोन वर्षांत ती माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली होती. समोर यायची, हाताला स्पर्श करायची आणि म्हणायची, "जेवण." "दूध आना." "पानी उनं," म्हणजे नळाला पाणी आलं. बाकीचं सगळं ती सुनीताला सांगायची. मी घरात होतो, पण घरातली कुठलीच गोष्ट माझ्यापर्यंत येत नव्हती. मला वाटलं, बाईचं मन उडालं आपल्यावरून. विचारायचीही सोय नव्हती, कारण उत्तर ऐकू आलं नसतं.

आणि एके दिवशी ती समोर येऊन उभी राहिली, कानावर हात ठेवून. "मन्हा कान दुखी राहिना. तुम्ही संगे चला. माले गुजराती कोठे येस?"

स्वतःसाठी पाच वर्षं जो माणूस हलला नाही तो तिच्यासाठी दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून निघाला. केसपेपर काढला, दोन तास बाकावर बसलो. डॉक्टरांनी बॅटरीने तिचे दोन्ही कान पाहिले. मग तिने मान वळवून त्यांना काहीतरी सांगितलं. तिचे ओठ मला दिसले नाहीत. डॉक्टर माझ्याकडे वळले, पाच-सात प्रश्न झाले, आणि पुठ्ठा वर गेला.

घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. जी बाई भाजीवालीशी गुजरातीत अर्धा तास घासाघीस करते तिला दुभाषा कशाला लागतो? मी विचारलं, "कान कसा आहे तुझा?" ती म्हणाली, "बरा शे आते," आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यात तपासण्या झाल्या. पहिली ट्यूनिंग फोर्कची. दोन दांड्यांचा लोखंडी चिमटा असतो, तो आपटून कानासमोर आणि मग कानामागच्या हाडावर धरतात. कुठे जास्त ऐकू येतं ते सांगायचं. दुसरी ऑडिओमेट्री. एका बंद खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. दुखत काही नाही. पण त्या खोलीत मला घाम फुटला. काचेपलीकडची मुलगी आवाज सोडत होती हे तिच्या हातावरून दिसत होतं आणि माझा अंगठा बटणावर नुसता बसून होता. तिच्या हाताकडे बघून बटण दाबायचा मोह झाला. दोनदा दाबलंही. मुलगी हुशार, तिने माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

आजाराचं नाव सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस. म्हणजे पडदा शाबूत, पण आतल्या बाजूला केसांसारख्या बारीक पेशी असतात त्या आवाजाने झिजलेल्या. शिट्टी वाजते तिला टिनिटस म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "गेलं ते परत येणार नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही. राहिलंय ते सांभाळायचं. खात्यात कानात प्लग घालायचे आणि घरी मशीन लावायचं." बारीक आवाज आधी जातात, असंही त्यांनी सांगितलं. बायकांचे, मुलांचे, चिमण्यांचे. चिमण्या गेल्याचं तर मला ठाऊकच नव्हतं.

मशीन आलं. खिशात ठेवायची काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी आणि तिच्यापासून कानापर्यंत वायर. डॉक्टरांनी रोज एक तास लावायला सांगितलं होतं. मी ते रुमालात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. वायर लोकांना दिसते ना! निदान झालं की माणूस सुधारतो असं कोणी समजू नये.

दीड महिना गेला. एका दुपारी सुनीता शाळेत होती, मंगल माझ्याकडे पाठ करून पोळ्या लाटत होती. मी ट्रंकेतून पँट काढायला गेलो आणि हाताला रुमाल लागला. बघणारं कोणी नव्हतं. कानात घातलं, बटण फिरवलं.

आधी नुसती खरखर आली. भांड्याचा आवाज डोक्यात घुसला. आणि मग मंगलचा आवाज. ती बोलत होती. पोळपाटाकडे बघत, हळू आवाजात, एकटीच.

"नळले आज पानी कमीच उनं. सुनीनी चप्पल तुटनी, शिवी लयनू. मन्ही बहीणनं पत्र उनं, तुम्हनी आठवन काढस ती." मधेच लाटणं थांबवून ती म्हणाली, "आते सांजले भाजी काय करू, सांगा बरं तुम्ही."

ती माझ्याशी बोलत होती. ऐकू जात नाही हे पक्कं ठाऊक असून रोज, पाठमोरी, सगळं सांगत होती. तिचं मन उडालं असं मी समजत होतो. मला रडू आलं, ते लपवायला मी ट्रंकेत डोकं घातलं. मग म्हणालो, "शेवनी भाजी कर."

लाटणं खाली पडलं. तो आवाजही मला स्वच्छ आला. ती वळली, वायर पाहिली, आणि डोळ्यांत पाणी असतानाच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कव्हयपासून ऐकी राहिनात?" तिने मला काय काय ऐकवलं असेल याची तिला आता काळजी पडली होती.

त्या दिवसापासून मशीन ट्रंकेत गेलं नाही. वायर लोकांना दिसली. पहिले चार दिवस त्यांनी पाहिली, पाचव्या दिवशी त्यांना दुसरं काही पाहायला मिळालं. खात्यात रबरी प्लग घालून गेलो तेव्हा पोरं हसली. हसू दे म्हटलं, मला ऐकू येत नव्हतंच.

एकाला मात्र मी हेरून ठेवलं होतं. रतन, परभणीकडचा, माझ्या शेजारच्या रांगेत लूम चालवायचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. चहाच्या टपरीवर तो एकदा म्हणाला, "दादा, आमच्या घरी आताशा समदेच तोंडातल्या तोंडात पुटपुटायलेत बगा."

मी त्याला कान तपासून घे असं सांगितलं नाही. मला कोणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. मी म्हणालो, "रतन, माझं मशीन फार खरखरतंय. डॉक्टरला नीट समजावून सांगायला तुझ्यासारखी गुजराती मला येत नाही. उद्या सोबत ये ना."

लगेच तयार झाला. बाकावर बसून राहिला, माझा केसपेपर त्यानेच पुढे केला. आत गेल्यावर डॉक्टरांनी मशीन तपासलं. मी मान वळवली आणि हळूच म्हणालो, "साहेब, मशीन ठीक आहे. याचं बघा."

डॉक्टरांनी रतनला विचारलं, काम काय करता, किती वर्षं झाली, गाव कोणतं. त्याने सगळ्यांची उत्तरं धडाधड दिली. मग डॉक्टरांचा हात टेबलावरच्या पुठ्ठ्याकडे गेला.

त्या दिवशी मंगलने शरमेने मान खाली घातली असं मी इतके दिवस समजत होतो. तसं नव्हतं. आपल्या माणसाचा चेहरा त्या क्षणी बघवत नाही, एवढंच.

मी फरशीकडे पाहू लागलो.