छप्पर नसलेली न्हाणी

टेकडीवरच्या आमच्या वस्तीतून खालच्या बाजारापर्यंत रोपवे सुरू झाला, तेव्हा मी पेढे वाटले. पायऱ्यांनी माझे गुडघे खाल्ले होते. काल रोपवेच्या पाळण्यात बसून खाली येत होते. शेजारच्या शांताचं घर पाळण्याखाली आलं, तशी समोरची एक अनोळखी बाई उठली आणि पदर पसरून काचेला पाठ लावून उभी राहिली.

“मावशी, बसा की, पडाल,” एकजण म्हणाला.

“खाली बाई अंघोळ करतेय. तुम्ही आपापल्या चपला बघा.”

आमच्या सगळ्यांच्या न्हाण्यांना भिंती आहेत, छप्पर नाही. माणूस जिथून येतो तिथेच आडोसा करायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. वर देव असेल, पण त्याची कधी लाज वाटली नाही. हल्ली शांता लुगड्यासकट अंगावर पाणी घेते. हे तिने मला सांगितलं होतं. तरी मी रोज तिच्या डोक्यावरून जात होते, माझ्या गुडघ्यांचं कौतुक करत.

बाजारातून ताडपत्री घेतली आणि सरळ तिच्याकडे गेले. दोघींनी ती न्हाणीवर ताणून बांधली.

“आता अंघोळीला ऊन नाही यायचं,” शांता म्हणाली.

“नाही यायचं,” मी म्हणाले.