ऑटिस लूमिसचा उघडा डोळा

कार्सन सिटीत जुनी नाणी विकायची असोत की घ्यायची, लोक वेंडेल ट्रिपच्या दुकानात जात. नाणं भिंगाखाली धरून तो आधी मागच्या बाजूला, गरुडाखाली बघायचा. तिथे काहीच नसलं तर चांदीचा डॉलर फिलाडेल्फियाच्या टाकसाळीतला, ढिगाने मिळणारा. पण तिथे दोन बारीक ‘सी’ असले तर तो याच गावच्या टाकसाळीत पाडलेला, आणि त्यातून सालही दुर्मिळ निघालं तर किंमत आभाळाला भिडायची. चांदी तीच, वजन तेच, तिळाएवढ्या दोन अक्षरांनी सगळा फरक! वेंडेल खरं म्हणाला म्हणजे खरं, असं गाव म्हणे, आणि त्यावरच त्याचं दुकान चालत होतं.

ऑटिस लूमिस गेला त्या दुपारी त्याच्या बायकोचा, फर्नचा फोन आला.

“वेंडेल, जरा येतोस का रे? याचा डावा डोळा मिटतच नाहीये.”

ऑटिसचा आजा टाकसाळीत कामाला होता. तेव्हापासून घरात कुणी गेलं की पापण्यांवर याच गावचे दोन डॉलर ठेवायची लूमिसांची रीत. जोडीतला एक हरवला, तेव्हा ऑटिसने दुसरा वेंडेलकडून घेतला होता. दुकान तेव्हा नवं होतं, हात तंग होता. वेंडेलने एका झिजलेल्या नाण्यातले दोन ‘सी’ कापून फिलाडेल्फियाच्या डॉलरवर चिकटवले. आयुष्यात एकदाच, पण केलं खरं. आता ते बाहेर पडलं तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. तिजोरीतला खरा डॉलर खिशात टाकून तो निघाला.

ऑटिसला बैठकीच्या खोलीत निजवलं होतं. शेजारणींनी आणलेल्या हॅमचा वास घरभर पसरला होता.

“टीव्हीसमोर बसला की लगेच घोरायचा,” फर्न म्हणाली. “आज बघ कसा टक लावून बघतोय!” आणि ती कॉफी आणायला आत गेली.

उजव्या डोळ्यावरचं नाणं जागेवर होतं; वेंडेलने डावी पापणी मिटून शेजारी पडलेलं नाणं तिच्यावर ठेवलं. पापणी हळूच वर सरकली आणि नाणं घसरून उशीवर पडलं. मेलेल्या माणसाचं असं होतं कधीकधी, त्याने मनाला समजावलं. मग त्याने दोन्ही नाण्यांची अदलाबदल केली. डावा डोळा निमूट मिटला. उजवा उघडला.

ऑटिस थेट वेंडेलकडे बघत होता.

घाईघाईने त्याने खोटं नाणं खिशात लपवलं आणि स्वतःचं खरं नाणं पापणीवर ठेवलं. पापणी जागची हलली नाही.

मागे फर्न कप घेऊन उभी होती. कधीची, कोण जाणे.

“मिटला ना? म्हणालाच होता हा, डोळा उघडा राहिला तर वेंडेलला बोलाव. कुठलं बदलायचं ते त्याला बरोबर ठाऊक आहे.”

“फर्न, मी...”

“राहू दे रे. घेतलं त्याच आठवड्यात कळलं होतं त्याला.” तिने कप खाली ठेवला आणि हात पुढे केला. “काढलेलं मात्र दे माझ्याकडे. तू गेलास की तुझ्या डोळ्यावर तेच ठेवायचं, असं बजावून गेलाय.”